वैशाखातले खड्डे

उन्हाळा लागला की आमच्या सोलापुरात माणसं सावलीच्या हिशेबानं चालतात. रस्त्याची कुठली बाजू किती वाजेपर्यंत थंड राहते, कुठल्या लिंबाखाली भाजीवाली बसते, हे सगळ्यांना पाठ असतं. अशा दिवसांत, चैत्र सरून वैशाख लागताना, सकाळी सहाला दहा-पंधरा माणसं कुदळ-फावडी घेऊन गल्लीच्या टोकाला जमली, की येणारा-जाणारा थांबून विचारतो, ‘काय, पाइप फुटला का?’ गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात आम्हाला हा प्रश्न ऐकावा लागतो. पाइप फुटलेला नसतो. आम्ही झाडांसाठी खड्डे खणत असतो.

मग दुसरा प्रश्न येतो, ‘या उन्हात? झाडं तर पावसाळ्यात लावतात ना?’

बरोबर आहे. झाड लावायचं ते आषाढातच. पण खड्डा वैशाखात खणावा लागतो. आमच्याकडची जमीन मुरमाड. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्यायचा म्हणजे पहार लागते, आणि एका माणसाचं ते काम नाही. खणलेला खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यायचा, म्हणजे मातीतली कीड आणि अंडी मरतात. वरची माती आणि शेणखत घालून तो मृगाच्या आधी भरायचा. पहिला पाऊस त्यात मुरला की मग रोप. हे सगळं शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आम्हा शहरातल्या माणसांना मात्र ते शिकायला दोन वर्षं लागली आणि सदतीस रोपं मेली.

ती गोष्ट आधी सांगतो, कारण आजचं माझं सगळं बोलणं तिच्यातूनच निघालं आहे. 2012 च्या जुलैत गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत आम्ही वृक्षारोपण केलं. चाळीस रोपं होती. पाहुणे आले, हार-तुरे झाले, मुलांना पेढे वाटले. ते वर्ष दुष्काळाचं निघालं. पुढच्या मे महिन्यात मोजली तेव्हा तीन झाडं उभी होती. आम्ही पुरुषमंडळी बैठकीला बसलो आणि ठरवलं की आता नीट काम करायचं. खड्डे उन्हाळ्यात खणायचे, आणि पाणी घालायला घरोघरच्या बायकांची पाळी लावायची. पाळीची यादी भिंतीवर चिकटवली. संध्याकाळी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या शेजारच्या अक्कांनी ती यादी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि मला हाक मारली.

‘काय हो भाई, खड्डे तुम्ही खंदनार, फोटू तुमचा निघनार, आन् घागरी आमी वाहायच्या? नळाला पानी येतंय चार दिवसांनी. ही काय वेठ हाय का?’

मी कवी माणूस. शब्दांशी माझा रोजचा संबंध. पण ‘वेठ’ हा शब्द त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा अंगावर आल्यासारखा वाटला. घरी येऊन मी त्याच्याच मागे लागलो.

वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीनं करून घेतलेलं काम. वेठबिगार, वेठीला धरणं हे शब्द आपण सहज वापरतो, पण त्यांच्यामागे कित्येक शतकांची पाठदुखी आहे. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहणं, सरकारी निरोप पोचवणं, लाकूडफाटा आणणं ही कामं गावात ठरावीक जातींच्या माथी मारलेली असत. महार वतनाच्या नावाखाली थोडीशी जमीन आणि बलुतं मिळे, आणि त्या बदल्यात दिवसाच्या कुठल्याही वेळी हाक आली की उठावं लागे. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानं या व्यवस्थेला इंग्रजी अमलातही आधार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते या गुलामीतून माणसं सुटावीत म्हणून. ते त्या वेळी मंजूर झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं रद्द व्हायला 1958 साल उजाडलं.

म्हणजे फुकट काम आपल्या मुलखाला नवं नाही. म्हणूनच ‘गावासाठी चार घमेली माती उचला’ असं कुणी म्हटलं, की ज्यांच्या आजोबांनी वेठ केली आहे त्यांच्या मनात शंका येते. ती शंका रास्त आहे, तिला आळस म्हणता येणार नाही.

पण दुसरी परंपराही याच मातीत आहे. आमच्या शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वराचं तळं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या सोबत्यांसह ते खणलं, असं परंपरा सांगते. सिद्धराम कन्नड वचनं लिहिणाऱ्या शरणांच्या मेळ्यातले. या मंडळींनी ‘कायक’ हा शब्द दिला. कायक म्हणजे हातानं केलेलं काम. तेच पूजा आणि त्यात वरचं-खालचं काही नाही, असं ते मानत. इथं खणायला सांगणारा आणि खणणारा एकच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज त्या तळ्याच्या काठावरून जाताना मी मनातल्या मनात त्यातली माती मोजतो. किती घमेली निघाली असेल!

खानदेशात याहून व्यवहारी नमुना सापडतो. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर फड पद्धत नावाची सिंचनाची व्यवस्था तीन-चारशे वर्षं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांना मोबदला शेतकरीच देणार. पाण्याचा हंगाम सुरू होण्याआधी पाटातला गाळ काढायचा तो लाभधारकांनी एकत्र येऊन. या कामाला कुणी दान म्हटलं नाही आणि वेठही म्हटलं नाही. पाट माझा आहे, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं नाही तर भांडायला मी उभा राहू शकतो, म्हणून गाळ काढायलाही मीच जाणार. एवढा सरळ हिशेब होता.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी हा हिशेब आणखी खाली, झाडूपर्यंत आणला. 1876 साली जन्मलेला हा माणूस 1956 पर्यंत गावोगाव फिरला. गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात गावालाच प्रश्न विचारायचा. झाडणं हे ज्यांच्या जातीला चिकटवलेलं काम होतं, ते त्यांनी भर चौकात स्वतः केलं, आणि बघणाऱ्यांना खराटा उचलावाच लागला. पुढे 2000-01 मध्ये सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेतून श्रमदानाचा आग्रह धरला. ‘श्रमदान’ हा शब्द आपल्याकडे मानानं उच्चारला जातो, त्यामागे अशा माणसांची पुण्याई आहे.

आता माझ्या घरातली एक आठवण. खरं तर आठवण अम्माची आहे, मी तेव्हा कडेवर होतो. 1972 चा दुष्काळ. पाऊस गेला, यंत्रमाग थंडावले, आणि अम्मा-अब्बा दोघं खडी फोडायला गेले. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध. कामावर सुकडी मिळायची, तिची चव अम्मा शेवटपर्यंत सांगायची. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्यानं देणारं हे पाऊल मोठंच होतं. पुढे 2005 मध्ये देशभरासाठी झालेल्या कायद्याची मुळं तिथं आहेत.

अम्माला मी एकदा विचारलं होतं, ‘तू फोडलेली खडी कुठल्या रस्त्यावर पडली?’ ती म्हणाली, ‘काय माहीत बाबा. मजुरी मिळाली, पोरं जगली.’ वेठीत मजुरी नव्हती आणि विचारणाही नव्हती. रोजगार हमीत मजुरी आली, आणि ती पोटाला आधार देऊन गेली. पण काम कुठं व्हावं, तलावाचं पाणी कुणाला मिळावं, हे खडी फोडणाऱ्या बाईला कुणी विचारत नव्हतं. श्रमदानात तर मजुरीही नसते. मग निदान विचारणा तरी असायला नको का?

हाच प्रश्न त्या दुष्काळानंतर पुण्याच्या एका अभियंत्यानं आणि उद्योजकानं उचलला. विलासराव साळुंखे त्यांचं नाव. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला 1974 पासून त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. उघड्या माळावर बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, पाणी अडवलं. असं काम इतर ठिकाणीही झालं होतं. नायगावचं वेगळेपण होतं अडवलेल्या पाण्याच्या वाटपात. पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसांच्या मापानं द्यायचं. घरातल्या माणशी अर्ध्या एकरापुरतं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ऊस लावायचा नाही. खर्चातला 20 टक्के वाटा गावकऱ्यांनी आधी भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. मला वाटतं, आपल्याकडच्या सामुदायिक कामांच्या इतिहासातलं हे सगळ्यात धाडसाचं पान आहे. ते नियम सगळीकडे पसरले नाहीत. पण कुदळ मारणाऱ्याला पाण्यात हक्क देता येतो, हे नायगावनं दाखवून दिलं.

झाडांचा इतिहास मात्र पावसाळ्यातच अडकून पडला. 1950 च्या जुलैत तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगला होता. पण महोत्सव म्हटलं की पत्रिका आली, मांडव आला. पत्रिकेवर जुलैतली तारीख असते. पुढचे मार्च, एप्रिल, मे कुणाच्या वाट्याला, हे तिच्यावर छापलेलं नसतं. आपल्या राज्यात 2016 साली एका दिवसात 2 कोटी झाडांचा संकल्प झाला, 2017 मध्ये 4 कोटींचा, 2018 मध्ये 13 कोटींचा आणि 2019 मध्ये 33 कोटींचा. आकडे वाढत गेले. रोप लावणारे हात दिसतात, ते जगवणारे हात दिसत नाहीत, आणि आमच्या चाळीस रोपांचा आकडासुद्धा असाच होता. म्हणून इतरांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही.

त्याच 2016 साली उन्हाळ्यातल्या कामालाही एक नवं रूप आलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी जात होतं. त्याच महिन्यात आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशननं ‘वॉटर कप’ ही गावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली 116 गावं उतरली, आणि साताऱ्यातलं वेळू पहिलं आलं. दुसऱ्या वर्षापासून 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस ठरले. ऐन उन्हाळा! पहाटे आणि चांदण्यात माणसं माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणू लागली, दगडी बांध रचू लागली. स्पर्धेच्या गुणांमध्ये रोपवाटिका होती, घरोघरचे शोषखड्डे होते. 2017 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या काकडदऱ्यानं, 2018 मध्ये माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं आणि 2019 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं पहिला नंबर मिळवला. 1 मे 2018 ला महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत शहरांतली माणसं हजारोंनी गावात गेली. मीही त्या वर्षी दोन मित्रांबरोबर एका गावच्या माळावर दगड उचलायला गेलो होतो. हाताला फोड आले, आणि दुपारी गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी वाढली.

तिथं एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी दगड देत होते. त्यांना विचारलं, ‘तुमचं रान कुठल्या बाजूला?’ ते हसले. ‘आमाला रान न्हाई. पन गावाचं काम हाय म्हनून आलो.’ विहिरींना पाणी वाढलं तर ते विहीरवाल्याचं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही ते आले होते. गावाला प्यायला पाणी झालं, रानात मजुरीचे दिवस वाढले, तर त्यांचाही त्यात फायदा आहे, हे खरं. पण त्यांचं ते हसू माझ्या मनातून जात नाही. नायगावचा नियम त्या माळावर असता, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, असं वाटत राहतं. ती स्पर्धा 2019 नंतर थांबली. तिनं मागे ठेवलेले चर आणि बांध खरे आहेत. भूमिहीनाच्या वाट्याचा प्रश्नही तेवढाच खरा आहे.

आता परत आमच्या गल्लीत येऊ.

अक्कांनी विचारलेल्या प्रश्नानंतर आम्ही भिंतीवरची यादी काढून टाकली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बसलो. या वेळी बैठक अक्कांच्या अंगणात झाली, विड्या वळणाऱ्या बायकांना सोयीच्या वेळी. पहिला अर्धा तास नुसतं भांडण झालं. मग एक-एक गोष्ट पुढे आली. आम्हा पुरुषांना गुलमोहर आणि अशोक लावायचे होते, कारण ते शोभतात. बायकांनी विचारलं, ‘त्याला लागतंय काय?’ त्यांनी शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पपई सांगितली. सावलीसाठी कडुलिंब चालेल म्हणाल्या. ज्या घरानं जे झाड सांभाळायचं, त्याच्या शेंगा-फळांवर पहिला हक्क त्या घराचा, हा नियम त्यांनीच केला. भाड्यानं राहणाऱ्या घरांनाही झाड मिळालं, याचं श्रेयही त्यांचंच.

पाण्याचा तिढा होताच. नळाच्या घागरीतलं एक थेंबसुद्धा द्यायचं नाही, असं ठरलं, आणि मग पाणी दिसायला लागलं. विडीची पानं भिजवलेलं पाणी रोज गटारात जात होतं. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी होतंच. आणि मशिदीतलं वजूचं पाणी! दिवसातून पाच वेळा माणसं हात-पाय-तोंड धुतात, आणि ते पाणी सरळ नाल्याला. ते एका हौदात घ्यायचं, असं ठरवायला विश्वस्तांना दोन शुक्रवार लागले. एका वयस्कर सदस्यांनी सदका-ए-जारियाची आठवण करून दिली. माणूस गेला तरी ज्याचं पुण्य चालू राहतं, असं दान. मग कुणी हरकत घेतली नाही. प्रत्येक रोपाशेजारी कुंभाराकडचं एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडकं भरलं की त्यातून पाणी हळूहळू मुळांशी पाझरतं आणि काही दिवस पुरतं. बुंध्याशी उसाचं पाचट पसरलं. खड्डे खणण्याचं काम पुरुषांकडे राहिलं, आणि हौदातून मडक्यांपर्यंत बादल्या वाहण्याची पाळीही पुरुषांनी घेतली. यादी परत भिंतीवर लागली. या वेळी तिच्यावर माझं नाव होतं, मंगळवारी.

1 मे 2014 ला आम्ही पहिले खड्डे खणले. त्यानंतर दर वर्षी त्याच दिवशी जमतो. सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. 2016 च्या उन्हाळ्यात पपया गेल्या. एकदा शेवग्याच्या शेंगांवरून दोन घरांत महिनाभर अबोला होता. मंगळवारची माझी पाळी मी किती वेळा चुकवली, हे अक्कांच्या हिशेबात आहे, आणि त्या तो चारचौघांत वाचून दाखवतात. पण आज त्या जागेत चोवीस झाडं आहेत. कडुलिंबाखाली भाजीवाली बसते. अक्का तिथंच सूप घेऊन येतात, कारण घरातल्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

इतिहास वाचताना आपण बहुतेक वेळा तळं कुणी बांधलं हे विचारतो, आणि उत्तरात एखाद्या मोठ्या माणसाचं नाव मिळतं. मला आता दुसरे दोन प्रश्न विचारायची सवय लागली आहे. माती कुणी वाहिली, आणि वाहणाऱ्याला पाणी मिळालं का? या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीत, सोसायटीत किंवा गावात कुणी खड्डे खणायला बोलावलं, तर जरूर जा. जाताना टोपी घाला, पाणी बरोबर घ्या, आणि काम सुरू होण्याआधी पुढच्या मे महिन्यातली घागर कुणाच्या डोक्यावर असणार आहे, ते विचारा. ती बाई त्या बैठकीत बसलेली नसेल, तर कुदळ जरा वेळ खाली ठेवा आणि आधी तिला बोलावून आणा.

मागच्या आठवड्यात अक्कांनी माझ्या घरी वर्तमानपत्रात गुंडाळून शेवग्याच्या सहा शेंगा पाठवल्या. झाड त्यांचं, हक्क त्यांचा. सोबत निरोप होता, ‘भाईंना सांगा, उद्या मंगळवार हाय.’